लाल डोळा



मी डॉक्टर नाही, शाळामास्तर होतो. पण डोळ्याच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगायला उभा आहे.

आमच्या शाळेचे शिपाई एकदा म्हणाले, "गुरुजी, डोळा लाल झालाय. आत ठणकतं. उजेड सोसत नाही." मी म्हणालो, "डोळे आले असतील. घरी राहा, गार पाण्यानं धुवा." वीस दिवस गेले. मग एस. टी.नं त्यांना धुळ्याला नेलं.

डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकले. थेंबानं बाहुली गोल मोठी व्हायला हवी. त्यांची वेडीवाकडी झाली. बुबुळ मागच्या भिंगाला चिकटलं होतं.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. कांद्याला पापुद्रे, तसे डोळ्याला तीन पडदे. बाहेरचा पांढरा नि टणक. सर्वांत आतला बघण्याचं काम करतो. मधला रक्तवाहिन्यांनी भरलेला. बुबुळ हा त्याचाच पुढचा भाग. हा पडदा काळ्या द्राक्षासारखा दिसतो, म्हणून लॅटिन भाषेतल्या द्राक्षावरून त्याला 'युव्हिया' म्हणतात. आपण असतो तर जांभूळ म्हटलं असतं!

रक्त साऱ्या अंगात फिरतं. म्हणून अंगातला रोग या पडद्यावर सूज आणू शकतो. क्षय, कुष्ठरोग, गरमी, सांध्यांचे काही आजार. पुष्कळदा कारण सापडतही नाही.

त्यांनी शिपायांच्या छातीचा फोटो काढायला सांगितला. दुखतो डोळा आणि बघतात छाती! मला हसू आलं. फोटोत क्षय निघाला. खोकला होताच, आम्ही तो विडीचा समजत होतो. सहा महिने औषध घेऊन क्षय बरा झाला. पण त्या डोळ्याला समोर माणूस आहे एवढं कळतं, कोण ते कळत नाही.

डोळे आले की चिपडं येतात, डोळा खुपतो, पण दिसतं बहुधा नीट. मधला पडदा सुजला की चिपडं नसतात. ठणका लागतो, उजेड नकोसा होतो, नजर अंधूक होते. लाली बुबुळाच्या कडेनं जास्त असते. असं झालं तर त्याच दिवशी निघा. जळगावला नि धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. धुळ्याचं महाविद्यालय १९८९ सालचं, जळगावचं २०१८ सालचं.

शेजारच्याची उरलेली बाटली डोळ्यात टाकू नका. या सुजेवरचं एक औषध डोळा वाचवतं. पण पऱ्हाटीची काडी लागून जखम झालेल्या डोळ्यात तेच पडलं, तर जखम चिघळू शकते.

जुने कागद नि औषधं सोबत न्या. खोकला, ताप, सांधेदुखी असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.