इराणच्या डोंगरातील बिबट्या : खर्च कोणाच्या नावे?
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



कापडाच्या व्यापाऱ्याने बिबट्यावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या फारसी भाषेने आमच्या दुकानाला गज, शाल, अस्तर आणि जरी हे शब्द दिले, त्याच भाषेत बिबट्याला ‘पलंग’ म्हणतात. आपल्या पलंगाशी त्याचा काही संबंध नाही, आणि त्यावर निजण्याची हिंमतही कोणी करू नये!

हा पर्शियन बिबट्या आपल्या जुन्नरच्या उसात वावरणाऱ्या बिबट्याचाच भाईबंद. एकाच जातीतील निराळी उपजात. अंगाने मात्र तो थोराड. हिवाळ्यात बर्फ पडणाऱ्या डोंगरांत राहावयाचे असल्याने त्याची लव दाट व लांब असते आणि रंग फिकट. काकेशस पर्वतापासून इराणच्या एल्बुर्झ व झाग्रोस रांगांपर्यंत आणि पुढे तुर्कमेनिस्तानच्या सीमेवरील कोपेत दाग डोंगरांपर्यंत त्याचा वावर आहे. एवढ्या विस्तीर्ण मुलुखात प्रौढ बिबटे अकराशेहूनही कमी उरले असावेत, असा जाणकारांचा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य एकट्या इराणात आहेत.

रानबोकड, रानमेंढ्या आणि रानडुकरे हे त्याचे अन्न. मानवी शिकाऱ्यांनी रानबोकड मारले, पाळीव कळपांनी डोंगरावरचे गवत संपविले, म्हणजे बिबट्या मेंढवाड्याकडे वळतो. ज्याची सारी पुंजी चाळीस-पन्नास मेंढ्यांची, त्या मेंढपाळाच्या दृष्टीने एका रात्रीत पाच मेंढ्या जाणे म्हणजे आपल्या गोदामास आग लागण्यासारखेच. फरक इतकाच की आपल्या गोदामाचा विमा असतो. मग तो मेलेल्या जनावरात विष कालवून ठेवतो. इराणात २००७ ते २०११ या काळात नोंदल्या गेलेल्या बिबट्यांच्या मृत्यूंपैकी सुमारे ७० टक्के मृत्यू अवैध शिकार व विषप्रयोग यांमुळे झाले आणि १८ टक्के रस्त्यावरील अपघातांत. म्हणजे दहांतील जवळजवळ नऊ मृत्यूंस मनुष्य कारणीभूत.

येथे आपल्यासारख्या जीवदयेच्या परंपरेत वाढलेल्यांची मोठी अडचण होते. गायीला चारा घालणे सोपे. तिचे जगणे कोणाच्या जिवावर उठत नाही. बिबट्या तर जगतोच मुळी दुसऱ्याला मारून. रशियात सोची येथे २००९ साली या बिबट्यांचे प्रजनन केंद्र सुरू झाले. तुर्कमेनिस्तानातून नर, इराणातून माद्या आणि पुढे लिस्बनच्या प्राणिसंग्रहालयातून एक जोडी तेथे आणली गेली. २०१३ मध्ये पिल्ले जन्मली आणि २०१६ च्या जुलैत तीन तरुण बिबटे काकेशसच्या अरण्यात सोडले गेले. त्याआधी त्यांना दोन गोष्टी यावयास हव्या होत्या : माणसाला टाळणे आणि जिवंत सावज पकडणे. ही दुसरी गोष्ट वाचताना मी थांबलो. ज्याने पिंजऱ्यात आयते मांस खाल्ले, त्याला शिकार करावयास लावून त्याचा जीव वाचवावयाचा! मला वाटते, येथे एकेका प्राण्याकडे पाहून निवाडा होत नाही, सबंध डोंगराकडे पाहावे लागते. आपल्यापैकी काहींना हे पटणार नाही, याची मला कल्पना आहे. महाराजसाहेबांना विचारण्यासारखा हा प्रश्न आहे.

मला पटलेली गोष्ट निराळी आहे. दया फुकट होत नाही, कोणाच्या तरी खात्यावर ती नावे पडतेच. शहरातील मनुष्य बिबट्याचे चित्र भिंतीवर लावतो आणि मेंढ्या मात्र डोंगरातल्या गरिबाच्या जातात. मेंढपाळाची भरपाई वेळेवर झाली, रात्रीचा मेंढवाडा पक्का बांधून मिळाला, राखणीच्या कुत्र्याच्या गळ्यात काटेरी पट्टा आला, तर विषाची पुडी तो आपण होऊनच टाकून देईल. हे खर्च काही फार मोठे नाहीत.

सीमेचे दुखणे वेगळेच. पट्टा बसवून सोडलेला बिबट्या इराणातून तुर्कमेनिस्तानात गेल्याची नोंद आहे. त्याला पारपत्र लागत नाही. इराण-इराक युद्धाने पश्चिम सीमेवर पेरून ठेवलेल्या सुरुंगांच्या भीतीने शिकारी तिकडे फिरकत नाहीत, त्यामुळे बिबट्याला आसरा मिळतो; आणि त्याच सुरुंगांवर पाय पडून काही बिबटे मेलेही आहेत.

राखणदारांच्या नावेही बरेच पडले आहे. इराणात गेल्या काही दशकांत शंभराहून अधिक वनरक्षकांनी कर्तव्यावर असताना प्राण गमावले. जानेवारी २०१८ मध्ये पर्शियन वाइल्डलाइफ हेरिटेज फाउंडेशन या संस्थेच्या अभ्यासकांना तेथे अटक झाली. चित्ता, बिबट्या यांची छायाचित्रे आपोआप टिपणारे कॅमेरे त्यांनी रानात बसविले होते. त्यांचाच हेरगिरीसाठी उपयोग केल्याचा आरोप ठेवण्यात आला. सरकारनेच नेमलेल्या एका समितीला हेरगिरीचा पुरावा आढळला नाही, तरीही शिक्षा झाल्या. संस्थेचे एक संस्थापक, प्राध्यापक कावूस सय्यद-इमामी, अटकेनंतर काही दिवसांतच तुरुंगात मरण पावले. तुरुंगात राहिलेले शेवटचे चौघे, नीलूफर बयानी, सेपीदेह काशानी, हूमान जोकार आणि ताहेर कदिरियान, सहा वर्षांहून अधिक काळानंतर एप्रिल २०२४ मध्ये सुटले.