एक टन उसाला पाणी किती?



शाळेच्या या कार्यक्रमात बक्षीस मिळवलेल्या सर्व विद्यार्थ्यांचं अभिनंदन. पुढचा नाच कधी सुरू होतोय याकडे तुमचे डोळे आहेत, ते मला इथून दिसतंय. म्हणून एकच विषय काढतो, कारखान्याच्या पाण्याचा.

या लासुर्णे गावाच्या एका अंगाला भवानीनगरचा सहकारी साखर कारखाना, दुसऱ्या अंगाला वालचंद हिराचंद यांनी वसवलेलं वालचंदनगर. कारखाना म्हणजे काय, हे तुम्हाला शिकवायला नको. पर्यावरण जपतो असं हल्ली प्रत्येक उद्योग म्हणतो. त्याच्या प्रमुखाला ते किती मनापासून वाटतं, हे बैठकीत पहिल्यांदा कुठल्या कामाला पैसे मंजूर होतात त्यावरून कळतं.

उसाचंच बघा. एक टन उसात साधारण ७०० लिटर पाणी असतं. रस आटवताना त्याची वाफ होते आणि वाफेचं परत पाणी होतं. ते थंड आणि शुद्ध करून वापरलं, तर कारखान्याला बाहेरचं पाणी फार थोडं लागतं. साखर धंद्यातल्या माणसांना हे चांगलं ठाऊक आहे. पण त्या यंत्रणेला पैसा लागतो, आणि त्याच वेळी गाळप क्षमता वाढवायचा प्रस्तावही समोर असतो. वाढलेलं गाळप लगेच दिसतं, वाचलेलं पाणी ताळेबंदात दिसत नाही. बगॅसपासून, म्हणजे उसाच्या चोथ्यापासून, वीज करणं कारखान्यांनी आनंदानं स्वीकारलं, कारण वीज विकता येते. त्यात गैर काहीच नाही. पण जिथे लगेच पैसा सुटत नाही, तिथे चेअरमनचा कस लागतो. आणि पाण्याचा हिशेब शेतातही चुकतो. अति पाण्यानं जमिनी चोपण, म्हणजे खारवट आणि नापीक, होतात, हे कालव्याखालच्या माणसाला मी काय सांगू? ऊसच पिकला नाही, तर वाढवलेली क्षमता घेऊन करायचं काय?

शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना बाजारावर देखरेख करणाऱ्या 'सेबी'नं २०२२-२३ पासून पाणी, ऊर्जा, कचरा यांचा हिशेब देणं बंधनकारक केलं. सहकारी कारखाने शेअर बाजारात नाहीत, त्यामुळे त्यांना हा नियम नाही. त्यांचे मालक मात्र आज समोर खुर्च्यांवर बसलेत. सभासद मंडळी, वार्षिक सभेत उसाचा दर जरूर विचारा. त्याच दमात हेही विचारा, की एक टन ऊस गाळायला बाहेरचं पाणी किती उचललं, आणि पुढच्या हंगामात ते किती कमी करणार? आणि मुलांनो, कारखान्याचा अहवाल घरी येतो, तो तुम्ही आधी वाचा आणि हा आकडा त्यात आहे का ते वडिलांना दाखवा.