ॲटनबरो : एका गावाचं, एका घराचं आडनाव



ॲटनबरो हे नाव आपल्याला परकं नाही. १९८२ साली 'गांधी' पडद्यावर आला. रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा झाल्या, डॉ. श्रीराम लागू गोखले झाले, आणि कोल्हापूरच्या भानू अथय्या यांनी जॉन मॉलो यांच्या जोडीनं वेशभूषेचं ऑस्कर मिळवलं. भारतीय व्यक्तीला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर. चित्रपटाचे दिग्दर्शक होते रिचर्ड ॲटनबरो. त्यांचे धाकटे भाऊ डेव्हिड तर ज्याच्या घरात टीव्ही आहे त्याच्या परिचयाचे. गोरिलांच्या कळपात बसून दबक्या आवाजात बोलणारे गृहस्थ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही.

इतकं कानावर पडलेलं आडनाव इंग्लंडात गल्लोगल्ली असेल असं वाटतं. तसं नाही. स्मिथ, जोन्स, टेलर ही आडनावं लाखोंनी आहेत. ॲटनबरो त्या मानानं अगदीच मोजके, आणि त्यांच्या मुळाशी जायचं तर इंग्लंडच्या मध्यभागातल्या एका लहानशा टापूत उतरावं लागतं.

नॉटिंगहॅम शहराच्या नैऋत्येला ट्रेंट नदीकाठी ॲटनबरो नावाचंच गाव आहे. अड्डा किंवा त्यासारख्या नावाच्या कुणा जुन्या सॅक्सन माणसाची तटबंदी, असा त्या गावाच्या नावाचा अर्थ लावतात. नॉटिंगहॅमहून डर्बीला जाणारी रेल्वे गावाला लागून जाते. सेंट मेरीचं जुनं चर्च आहे. चर्चच्या पलीकडे पाणीच पाणी पसरलेलं दिसतं, पण तो मूळचा तलाव नव्हे. नदीकाठची खडी काढण्यासाठी विसाव्या शतकात तिथं खाणी खोदल्या आणि खोदून झालेल्या खड्ड्यांत पाणी भरलं. पाण्यावर पक्षी आले, पक्ष्यांमागे पक्षी बघणारे आले. १९६६ साली तिथं निसर्गराखीव क्षेत्र झालं. उद्घाटनाला कुणाला बोलवायचं, हा प्रश्न आयोजकांना फारसा पडला नसावा. डेव्हिड ॲटनबरो आले.

या गावात जन्मलेला इतिहासातला सर्वांत नामांकित माणूस मात्र ॲटनबरो आडनावाचा नाही. त्याचं नाव हेन्री आयर्टन. १६११ साली याच चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढे तो राजाविरुद्ध लढणाऱ्या क्रॉमवेलचा जावई आणि सेनापती झाला, पहिल्या चार्ल्स राजाच्या मृत्युदंडाच्या आज्ञापत्रावर त्यानं सही केली. राजेशाही परत आली तेव्हा तो मरून आठ वर्षं उलटली होती, तरी त्याचं प्रेत उकरून फासावर लटकवण्यात आलं. आता आयर्टन हेसुद्धा गावावरूनच पडलेलं आडनाव, शेजारच्या डर्बीशायरमधल्या गावावरून. ॲटनबरोत राहणाऱ्या घराण्याचं आडनाव आयर्टन. मग ॲटनबरो आडनावाची माणसं कुठं होती? ती दुसऱ्या गावांत होती.

यात चमत्कार काही नाही. आपल्याकडे पुण्यातल्या पुण्यात कुणी कुणाला पुणेकर म्हणून ओळखत नाही. तो साताऱ्याला जाऊन राहिला की पुणेकर होतो. इंग्लंडातही अगदी तसंच झालं. ॲटनबरोतून उठून कुणी एक जण आसपासच्या गावी स्थायिक झाला, तिथल्या लोकांनी त्याला त्याच्या गावावरून हाक मारली, मुलांनी ती पुढे चालवली. नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड जिंकलं, त्यानंतरच्या तीन-साडेतीनशे वर्षांत आडनावं अशीच घट्ट होत गेली. आधी सरदार-जमीनदारांची, मग शहरी लोकांची, शेवटी कुळं नि मजूर यांची. करवसुलीच्या याद्या करणाऱ्या कारकुनांना एका गावातले वीस जॉन वेगळे ओळखायचे होते, हेही एक कारण होतंच. १५३८ मध्ये प्रत्येक चर्चनं बाप्तिस्मा-लग्न-दफनाची वही ठेवावी असा हुकूम निघाला आणि नावं कागदावर आली. कागदावर आली म्हणजे एकसारखी आली असं मात्र नाही. ॲटनबरो, ॲटनबॅरो, ॲटनबेरो. पाद्र्याच्या कानाला जसं लागलं तसं त्यानं लिहिलं. ज्याचं नाव त्याला बहुधा वाचता येत नव्हतं, त्यामुळे तक्रार कोण करणार?

एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनेच्या आधारानं इंग्लंडच्या नकाशावर या आडनावाचे ठिपके मांडले, तर ते नॉटिंगहॅमशायर आणि डर्बीशायर यांच्या सीमेवर दाटीनं पडतात. म्हणजे पाचशे वर्षांत बहुतेक मंडळी मूळ गावापासून एका दिवसाच्या चालीच्या पलीकडे गेलेली नाहीत. इंग्लंडातल्या पुष्कळ दुर्मीळ आडनावांची हीच गोष्ट आहे, आणि ज्यांना वाटतं की जुन्या काळी फक्त आपल्याकडेच माणूस गाव सोडत नसे, त्यांनी हा नकाशा जरूर पाहावा. एक वेगळा ठिपका लंडनमध्ये आहे. तिथं एकोणिसाव्या शतकात ॲटनबरो घराण्यातल्यांच्या गहाणवटीच्या पेढ्या होत्या, फ्लीट स्ट्रीटवरची तर प्रसिद्धच होती. त्या काळच्या लंडनकराला ॲटनबरो म्हटलं की वन्यप्राणी आठवत नसत, गहाण टाकलेलं घड्याळ आठवत असे.

पण एखादं आडनाव मोजक्यांचंच का राहतं? याचं उत्तर शोधायचा पहिला गंभीर प्रयत्न इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी केला. नामवंत घराण्यांची आडनावं एकेक करून नाहीशी होत आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं. लोक म्हणत, बुद्धिमंतांचा वंश वाढत नाही. गाल्टन यांना शंका आली की हे नुसतं गणित असेल. १८७३ साली त्यांनी तो प्रश्न जाहीरपणे मांडला, हेन्री वॉटसन नावाच्या गणिती पाद्र्यानं तो सोडवायला घेतला. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं. कुणाला मुलीच होतात, कुणाला मूलच होत नाही, कुणाचे मुलगे लहानपणी जातात. दर पिढीत अशी थोडी थोडी गळती होत राहिली, तर कुणाचाही दोष नसताना बहुतेक आडनावं संपतात. वॉटसन यांचं उत्तर, सगळीच संपणार असं निघालं. ती चूक नंतरच्या गणितज्ञांनी दुरुस्त केली. पण मूळ मुद्दा खरा ठरला. आणि इंग्लंडात तर १३४८-४९ च्या प्लेगनं आडनावं नुकतीच रुजत असतानाच निम्म्याच्या आसपास माणसं नेली. कितीतरी आडनावं त्या दोन वर्षांत जन्मली तशी गेली असतील. ॲटनबरो टिकलं, यात त्या घराण्याचं कर्तृत्व काही नाही. दर पिढीत कुणाला तरी मुलगा झाला नि तो जगला, एवढंच.

आता या आडनावाच्या सर्वांत प्रसिद्ध घराकडे येतो. फ्रेडरिक ॲटनबरो यांचा जन्म १८८७ चा, स्टेपलफर्डचा. ॲटनबरो गावापासून हे तीनेक मैलांवर, म्हणजे नकाशावरच्या त्याच दाट ठिपक्यांत. हे गृहस्थ शिकले, प्राध्यापक झाले आणि १९३२ साली लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य झाले. रिचर्ड, डेव्हिड आणि जॉन हे तिघे भाऊ कॉलेजच्या आवारातल्या घरातच वाढले. १९३९ मध्ये जर्मनीतून निघालेल्या दोन ज्यू बहिणी, इरीन आणि हेल्गा बेयाख, या घरात आल्या आणि युद्ध संपेपर्यंत घरच्याच झाल्या. आडनाव त्यांनी आपलं तेच ठेवलं.

डेव्हिड यांची लहानपणची एक हकिगत त्यांनीच अनेकदा सांगितली आहे. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाला न्यूट हवे होते. न्यूट म्हणजे पालीसारखा दिसणारा, पाण्यात राहणारा बेडकाचा भाऊबंद. प्राचार्यांच्या या चिरंजीवांनी एका न्यूटला तीन पेन्स असा भाव ठरवून पुरवठा सुरू केला. माल कुठून आणतो ते मात्र सांगितलं नाही. सांगणार कसं? ज्या डबक्यातून ते पकडत होते, ते विभागाच्या इमारतीपासून चार पावलांवर होतं.

त्याच कॉलेजचं पुढे लेस्टर विद्यापीठ झालं आणि १९८४ साली तिथंच ॲलेक जेफ्रीज यांना डीएनए-ठशांचा शोध लागला. जनुकशास्त्राचं केंद्र म्हणून लेस्टरचं नाव झालं. तिथल्या संशोधकांनी पुढे आडनावांचा प्रश्न हाती घेतला. युक्ती सोपी आहे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडेच जातं, इंग्रजी आडनावही तसंच जातं. मग एका आडनावाच्या, पण एकमेकांना न ओळखणाऱ्या पुरुषांचं वाय गुणसूत्र सारखं निघतं का?

हे आधी ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी स्वतःच्याच आडनावावर करून पाहिलं होतं. साइक्स म्हणजे ओढ्याकाठचे. ओढे सगळीकडे, तेव्हा साइक्सही ठिकठिकाणी वेगवेगळे सुरू झाले असतील असाच समज होता. पण त्यांनी ४८ साइक्सांची तपासणी केली, तर निम्म्याच्या आसपास पुरुषांचं गुणसूत्र एकच. ते २००० साली प्रसिद्ध झालं. लेस्टरच्या ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ४० आडनावांच्या १,६७८ पुरुषांचा अभ्यास मांडला. त्यात स्मिथ निघाले सतराशे साठ घराण्यांचे. स्वाभाविकच आहे, प्रत्येक गावाला एक लोहार होता. आणि ॲटनबरो? स्पेलिंग काहीही असो, दहांपैकी जवळजवळ नऊ ॲटनबरोंचं गुणसूत्र एकाच घडणीचं. याचा अर्थ, हे आडनाव लावणारी बहुतेक मंडळी सातआठशे वर्षांपूर्वीच्या एकाच माणसाची लेकरं आहेत. तो कोण, त्याचं नाव काय, हे कुठल्याच वहीत नाही.

उरलेल्या एकाचं काय, असा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल, आणि तो जरा खोडकर सुरातच आला असेल. संशोधकांनी तोही तपासला. दत्तक मूल असतं, मामाची इस्टेट मिळावी म्हणून आईकडचं आडनाव घेतलेलं असतं, लग्नाआधीच्या मुलाला आईचं आडनाव लागलेलं असतं, आणि क्वचित, तुमच्या मनात आहे तेही असतं. पण त्याचं प्रमाण दर पिढीला शेकड्यात अगदी थोडं भरतं. लोकांच्या कुजबुजीत ते नेहमीच जास्त होतं.

या उद्योगाचा एक उपयोग पोलिसांनाही सुचवला गेला. त्यासाठी आधी, २००६ साली, एकेका आडनावाचे दोन-दोन अनोळखी पुरुष अशा १५० जोड्या तपासल्या होत्या. सुमारे चौथ्या हिश्शाच्या जोड्या नात्यातल्या निघाल्या, आणि आडनाव दुर्मीळ असेल तर ही शक्यता निम्म्यापर्यंत गेली. गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या रक्तावरून संशयिताचं आडनाव अंदाजानं सांगता येईल, असा तो विचार. स्मिथ मंडळींना यात चिंता नाही. दुर्मीळ आडनावाच्या माणसानं मात्र गुन्हा करताना दोनदा विचार करावा.

पण मला सर्वांत आवडलेली गोष्ट २००७ ची, यॉर्कशायरच्या एका दुर्मीळ आडनावाची. शोधनिबंधात ते आडनाव दिलेलंच नाही. त्या आडनावाच्या एका गोऱ्या इंग्रज माणसाच्या नमुन्यात असा वाय प्रकार निघाला की जो जवळजवळ फक्त पश्चिम आफ्रिकेतच आढळतो. संशोधकांनी त्याच आडनावाचे आणखी पुरुष शोधले. १८ जणांपैकी सात जणांत तोच प्रकार. घराण्याचे कागद त्यांना अठराव्या शतकातल्या यॉर्कशायरपर्यंत घेऊन गेले, पुढे वाट संपली. कुणी आफ्रिकन पूर्वज रोमन सैन्याबरोबर आला असेल; उत्तर इंग्लंडातल्या हेड्रियनच्या भिंतीवर मूर शिपायांची तुकडी होती हे माहीतच आहे. की गुलामांच्या व्यापाराच्या काळात आला? ते गुणसूत्र सांगत नाही. एक मात्र झालं, की शुद्ध इंग्रजपणाच्या गप्पा मारायला इंग्लंडचं दुर्मीळ आडनाव हा काही भक्कम पुरावा नव्हे.

आता ॲटनबरो आडनावाच्या भूगोलाचा शेवटचा भाग. माणसं गावाजवळ राहिली, पण नाव लांब गेलं, लॅटिन वेशात. नवे प्राणी-वनस्पती शोधणारे शास्त्रज्ञ डेव्हिड यांच्या कार्यक्रमांवर वाढलेले. फिलिपिन्समधल्या पलावान बेटावरच्या एका डोंगरात उंदीर मावेल एवढा पेला असलेली कीटकभक्षी घटपर्णी सापडली, तिला त्यांचं नाव मिळालं. डॉर्सेटच्या किनाऱ्यावरच्या एका सागरी सरपटणाऱ्या प्राण्याला मिळालं; त्याचा मूळ सांगाडा ब्रिस्टलच्या संग्रहालयात १९४० च्या बाँबहल्ल्यात नष्ट झाला होता, साच्यावरूनच त्याचं नामकरण झालं. न्यू गिनीच्या सायक्लॉप्स पर्वतातल्या लांब चोचीच्या काटेरी एकिडनाला मिळालं. हा प्राणी १९६१ साली एका डच वनस्पतिशास्त्रज्ञानं एकदाच गोळा केला होता, पुढे कुणाला दिसलाच नाही. २०२३ मध्ये ऑक्सफर्डच्या मोहिमेनं जंगलात कॅमेरे लावले. आठवडेच्या आठवडे काही नाही. शेवटच्या दिवशी, शेवटच्या मेमरी कार्डावर, एकिडना तुरुतुरु चालत गेलेला आढळला.

आणि २०१८ साली आपल्याच देशात, केरळच्या किनाऱ्यावर वाळूत पळणारा, गळ्याखाली पंख्यासारखी पिशवी फुगवणारा एक सरडा नवा म्हणून नोंदवला गेला. त्याचं शास्त्रीय नाव सिताना ॲटनबरोई.