मखराची माळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या गणपतीत आमच्या घरी घडलेला प्रसंग सांगूनच प्रारंभ करते. आरती झाली, सूनबाई मखराजवळची फुले सारखी करू लागली, आणि तिचा ओला हात दिव्यांच्या माळेस लागला मात्र, ती किंचाळून मागे सरली. देवाच्या कृपेने निभावले. पण तांदळाएवढ्या दिव्यांचा एवढा शॉक कसा बसावा?

एलईडीचा दिवा फार थोड्यात भागवितो. तांबड्याला सुमारे 2 व्होल्ट लागतात, पांढऱ्याला 3. घरातली वीज मात्र 230 व्होल्टची! कित्येक स्वस्त माळांत पुष्कळ दिवे एकापुढे एक ओवून, मध्ये एखादा कपॅसिटर घालून काम उरकलेले असते. त्याने दिवे वाचतात, माणूस नाही. कारण भिंतीतली वीज त्या तारेत थेट आलेली असते. हृदयाला तीस-चाळीस मिलिअँपियरचा प्रवाहही घातक ठरू शकतो.

ट्रान्सफॉर्मरची गोष्ट निराळी. त्यात तारेची दोन वेटोळी असतात, ती एकमेकींस जोडलेली नसतात. वीज चुंबकत्वाच्या वाटेने पलीकडे जाते आणि 12 व्होल्ट होऊन निघते. मात्र 12 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरपुढे डायोड आणि कपॅसिटर जोडले, की मीटर पंधरा-सोळा दाखवितो, कधी त्याहून अधिकही. आमच्या मुलाने मीटर न लावता पहिली माळ जोडली, ती दोन दिवसांत काळी पडली. तेव्हा आधी मोजावे, मग जोडावे. 230 व्होल्टची बाजू तर जाणत्या वायरमनकडूनच, फ्यूज घालून, बंद पेटीत बसवून घ्यावी.

याहून सोपी युक्ती आपल्या पडवीतच आहे. फवारणीच्या पंपातली बॅटरी पुष्कळदा 12 व्होल्टचीच असते. तीन पांढरे दिवे एका ओळीत घ्यावेत, त्यांना 220 ओहमचा एक रेझिस्टर सोल्डर करावा. प्रत्येक ओळीला तो हवाच. एका रेझिस्टरवर सगळ्या ओळी लोटण्याची काटकसर करू नये. अशा वीस ओळी, म्हणजे साठ दिवे, मिळून अँपियरचा तिसरा हिस्सा घेतात. 8 अँपियर-तासांची चांगली बॅटरी रात्रभर सहज पुरते.

आता कोणी म्हणेल, बॅटरीत शॉक नाही, मग भीती कसली? भीती आगीची. दोन उघड्या तारा एकमेकींस चिकटल्या, तर तार लाल होते, आणि मखराचा कागद शेजारीच असतो. म्हणून बॅटरीच्या लाल तारेला, अगदी टोकाजवळ, 1 अँपियरचा फ्यूज घालावा. तसेच माळ चालू असताना चार्जर लावू नये. त्याच्या आत काय आहे हे आपणांस ठाऊक नसते, आणि मग पुन्हा भिंतीतली वीज माळेत यावयाची.

ज्यांना शिकावयाचे असेल, त्यांनी मंडळाच्या पुढील बैठकीस आपापली बॅटरी आणावी. पुसून आणावी बरे का, औषधाचा वास देवापुढे नको.