‘कॅन्सल करून चला’ म्हणतात तेव्हा
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्येष्ठांच्या उपयोगाचं काहीतरी बोला, असं सेक्रेटरींनी मला सांगितलं. बँकेतला माणूस म्हणजे मुदत ठेवींवर बोलणार, असं त्यांना वाटलं असावं. मी बोलणार आहे मोबाइलवरून मागवायच्या टॅक्सीबद्दल.

आपण २५ वर्षांपूर्वी इथे राहायला आलो, तेव्हा स्टेशनबाहेरचा रिक्षावाला आपल्याला चेहऱ्याने ओळखायचा. तीच आपली सुरक्षा होती. आज शेवटची विरार लोकल चुकली की आपली मुलगी, सून अनोळखी माणसाच्या गाडीतून घरी येते. त्या जुन्या ओळखीची जागा आता ॲपने घेतली आहे, म्हणून ते काय करतं हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं.

आधी ओटीपी. आम्ही बँकवाल्यांनी तुम्हाला घोकून घेतलं की ओटीपी कुणालाही सांगू नका. इथे मात्र तो सांगावा लागतो आणि ज्येष्ठ मंडळी गोंधळतात. जुनं पितळी टोकन आठवा. कॅशियर टोकन बघायचा, नाव विचारायचा, मगच पैसे द्यायचा. तसंच हे. आधी नंबरप्लेट आणि चालकाचा चेहरा मोबाइलवरच्या माहितीशी ताडून बघायचा आणि मगच चार आकडे सांगायचे. नंबर वेगळा असेल आणि चालक म्हणाला, ‘भावाची गाडी आहे’, तर त्या गाडीत बसायचं नाही.

या सोयी काही आपोआप आल्या नाहीत. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत उबरच्या चालकाने प्रवासी तरुणीवर बलात्कार केला. त्याच्यावर आधीचे गुन्हे होते, तरी तो गाडी चालवत होता. २०१५ मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्या प्रकरणानंतर भारतात ॲपमध्ये एसओएस बटण आलं. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने अशा कंपन्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. चालकाची पार्श्वभूमी तपासा, ठरलेला मार्ग सोडला तर नियंत्रण कक्षाने लगेच चालकाशी संपर्क साधावा, असं त्यात होतं. काही ॲपवर गाडी फार वेळ थांबली तर ‘सगळं ठीक आहे ना?’ असा संदेशही येतो. वर्सोवा पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये तो आला तर घाबरू नका, तिथे ठीक असूनही गाडी हलत नाही!

आता मुख्य मुद्दा. विमानतळावरून वसई, नालासोपारा किंवा विरारची गाडी मागवली की चालकाचा फोन येतो, ‘कुठे जायचंय?’ आपण गावाचं नाव सांगतो. मग तो म्हणतो, ‘साहेब, राइड कॅन्सल करा, कॅश द्या, तसंच सोडतो.’ परतीचं भाडं मिळत नाही हे त्याचं दुखणं खोटं नाही. आपल्याच संस्थेत काही घरं स्टिअरिंगवर चालतात, त्यांना विचारा. पण बँकेत ज्या व्यवहाराचं व्हाउचर नाही, तो व्यवहार आम्ही मानत नसू. राइड कॅन्सल केली की व्हाउचर फाटलं. गाडी तीच, चालक तोच, पण तुम्ही त्या गाडीत आहात अशी नोंद कुठेच नाही. मार्गावर लक्ष नाही आणि घरच्यांना पाठवलेली लिंकही बंद. दोन-तीनशे रुपये जास्त गेले तर जाऊ द्यात, पण दुसरी गाडी मागवा. मुंबईच्या लोकांपेक्षा ही वेळ आपल्यावर जास्त येते, म्हणून एवढं ताणून सांगतोय.

लिंकचंही तसंच आहे. ‘शेअर ट्रिप’ केलं की गाडी कुठे आहे ते दुसऱ्याच्या मोबाइलवर दिसतं, पण तिथे कुणीतरी जागं असायला हवं. पुष्कळांनी विश्वासू संपर्क म्हणून परदेशातल्या मुलाचा नंबर टाकलाय. अमेरिकेत तेव्हा दिवस असतो हे खरं, पण तो तिथून काय करणार? फोनच ना? शेजारच्या विंगमधलं एखादं नावही टाका. रात्री दीड वाजता ठिपका हायवेवर नको तिकडे वळला, तर फोन करणारा आणि वेळ पडल्यास ११२ लावणारा माणूस इथला हवा. आपल्या १ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेल्या मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाच्या पोलिसांनाही गाडीचा नंबर लगेच सांगता आला पाहिजे. लिंकमध्ये तो असतो.

आणि एक. चालकाशी ॲपमधूनच बोला, म्हणजे सहसा तुमचा खरा नंबर त्याला दिसत नाही. लोकेशन पाठवायला व्हॉट्सॲप केलं की नंबर कायमचा त्याच्याकडे गेला.

जेवणाला अजून अर्धा तास आहे. तोवर बी विंगमधली दोन मुलं सोसायटीच्या ऑफिसात बसणार आहेत. ज्यांना विश्वासू संपर्क भरून घ्यायचा आहे त्यांनी तिकडे जावं. चष्मा आणि मोबाइल, दोन्ही घेऊन जा.