आजेसासूचें चिपटें

आजेसासूच्या वहींतील ‘एक चिपटें रवा’ वाचून नाशिकची नातसून आज थबकते. जुन्या घरांत शेर दोन होते. दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हा मापाचा. १९३९ च्या कायद्यानें ८० तोळ्यांचा ठरला तो वजनाचा. नांव एकच, तेव्हां फसगत ठरलेली! शिवाय मापें गांवोगांव निराळीं. १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें आलीं. घोळ मात्र वाटी आणि ग्रॅम यांत उरला. २०० मिलिलिटरच्या वाटींत पाणी २०० ग्रॅम मावतें, तूप सुमारें १८०, साखर १७०, कणीक जेमतेम १२०. कारण कणांमधील हवा. चाळलेली कणीक फुगते, ठोकलेली बसते. शिगेची वाटी दान देतांना शोभते, पाकाच्या हिशेबांत नव्हे.

घरांत तें पितळी चिपटें असेल तर मोडींत घालूं नये. तें रिकामें तोलावें, मग काठोकाठ पाणी भरून तोलावें. जितके ग्रॅम वाढतील तितके मिलिलिटर त्याचें माप. पुढें त्यांतच रवा सपाट भरून तोलावा आणि तो आकडा वहींतील त्या ओळीशेजारीं लिहावा. आजेसासूबाई शीग लावीत असत काय, हें मात्र घरांतील वडील माणसांनाच विचारावें लागेल.