कार्ड पंच कोणी केली?

साहित्य, भाषा, इतिहासाच्या संशोधनात संगणक वापरणाऱ्यांना दर तीन वर्षांनी रोबेर्तो बुसा पुरस्कार देतात. पहिला, १९९८ साली, खुद्द फादर बुसांनाच मिळाला. १९४९ मध्ये आयबीएमकडे मदत मागायला ते न्यूयॉर्कला गेले. थॉमस अक्वायनसच्या ग्रंथांतल्या कोटीभर लॅटिन शब्दांची सूची करायला तीसेक वर्षं लागली. पण ते शब्द कार्डांवर पंच केले इटलीतल्या तरुण मुलींनी. त्यांची नावं शोधायला संशोधकांना २०१० नंतरचा काळ उजाडला!

आम्हा इंजिनिअरांकडे कोडमधल्या प्रत्येक बदलाला करणाऱ्याचं नाव चिकटलेलं असतं. म्हणून म्हणतो, पुरस्कार कोणताही असो, अर्जात एक रकाना हवाच : प्रत्यक्ष काम कोणी केलं? आणि समितीनं तो आधी वाचावा.